रोबोला पाय कशाला हवेत?

कारखान्यात माणसाच्या जोडीला रोबो उभा करायची भाषा आता चाकण, भोसरी, रांजणगावच्या शेडमध्येही ऐकू येते. त्यात दोन तट आहेत. एका बाजूला वाटतं, की माणसाशेजारी पिंजऱ्याविना बसवता येणारा एक यांत्रिक हात पुरे. धंद्यात त्याला कोबॉट म्हणतात. दुसऱ्या बाजूला दोन हात, दोन पाय आणि डोकं असलेला ह्युमनॉइडच हवा आहे. दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं पुरतं मांडता यावं म्हणून इथे दोघं कल्पिले आहेत. मामा टर्नर म्हणून कामाला लागले, पुढे भोसरीत स्वतःचं सीएनसी जॉबवर्कचं वर्कशॉप काढलं. भाची ऑटोमेशन इंजिनिअर आहे. कारखान्यांत कोबॉट बसवून देणं हे तिचं काम.

मामा : तुझं कोटेशन बघितलं. एक हात, एक ग्रिपर, एक स्टँड. एवढ्या पैशांत आख्खा माणूस मिळत असेल, तर नुसता हात कशाला घेऊ? चीनच्या युनिट्री कंपनीने 2024 मध्ये जी-वन नावाचा ह्युमनॉइड 99 हजार युआनला काढला. म्हणजे आपले अकरा-बारा लाख.

भाची : किंमत बघितलीत, आता मापं बघा. उंची साधारण 127 सेंटीमीटर, वजन 35 किलो. त्या मूळ किमतीत बोटांचा पंजा येत नाही. एका हाताने दोनेक किलो उचलतो आणि बॅटरी दोनेक तास चालते. कॉलेजच्या लॅबसाठी छान आहे. तुमच्या फोर्जिंगचं वजन किती?

मामा : साडेतीन किलो. बरं, तो लहान म्हणून सोडून दे. मोठेही आहेतच की. अमेरिकेच्या फिगर कंपनीचा रोबो बीएमडब्ल्यूच्या स्पार्टनबर्गच्या कारखान्यात काम करून गेलाय. एजिलिटी कंपनीचा डिजिट नावाचा रोबो अमेरिकेतल्या जॉर्जियात जीएक्सओ कंपनीच्या गोदामात 2024 पासून पैसे घेऊन राबतोय. आणि जर्मनीतल्या मेट्झिंगेनची ती न्यूरा रोबोटिक्स! 2019 साली निघाली, कोबॉट बनवत होती. आता तीच ह्युमनॉइड बनवते आणि 2025 च्या जानेवारीत तिने 12 कोटी युरो उभे केले. कोबॉटवाले स्वतःच ह्युमनॉइडकडे निघालेत, आणि तू मला मागच्या गाडीचं तिकीट विकतेस.

भाची : पैसे उभे राहिले म्हणजे काम उभं राहिलं असं नाही, मामा. हे तुम्हीच मला शिकवलंत.

मामा : ते खरं. पण माझी अडचण समजून घे. माझी शेड तू बघितली आहेस. दोन मशिनींच्या मधून माणूस आडवा होऊन जातो. कच्चा माल दाराशी, गेजचं टेबल दुसऱ्या टोकाला, डेबरिंगचा बेंच पोटमाळ्याखाली. सगळी मांडणी माणसाच्या मापाची. तुझा हात आणला, की जॉब ट्रेमध्ये एकाच दिशेला मांडून द्यायचे, मशिनला आपोआप उघडणारं दार लावायचं, हाताने आवळायचा चक काढून हवेवरचा बसवायचा. हात स्वस्त, पण त्याचा संसार महाग. माणसासारखा रोबो असेल तर शेड आहे तशी राहील.

भाची : ह्युमनॉइडच्या बाजूचा हा सगळ्यात सबळ मुद्दा आहे, आणि मला तो खोडता येणार नाही. फक्त स्पार्टनबर्गमध्ये नक्की काय झालं ते बघू. तो रोबो रॅकमधून पत्र्याचे भाग उचलून वेल्डिंगच्या फिक्स्चरवर ठेवत होता. कंपनीनेच आकडे दिलेत. अकरा महिन्यांत 90 हजारांवर भाग ठेवले, साडेबाराशे तासांवर काम केलं, 30 हजार गाड्यांच्या उत्पादनाला हातभार लावला. एका फेरीला 84 सेकंद, त्यातली 37 सेकंद प्रत्यक्ष भाग ठेवायला.

मामा : मग? वाईट आहे का?

भाची : मुळीच नाही, मोठी गोष्ट आहे. पण कामाचं स्वरूप बघा. रॅकची जागा ठरलेली, फिक्स्चर ठरलेलं, मधलं अंतर चार पावलांचं. म्हणजे ज्या मांडणीचा खर्च तुम्हाला टाळायचाय, ती तिथे आधीच होती. आणि सगळ्यात जास्त बिघाड कुठे झाला, तर कोपराच्या पुढच्या भागात. एवढ्याशा जागेत मोटर, वायर, सांधे सगळं कोंबलेलं. हेही कंपनीनेच सांगितलंय. डिजिटचं तसंच. फिरत्या गाड्यांवरचे टोट, म्हणजे मालाचे डबे, उचलून कन्व्हेअरवर ठेवायचे. 2025 च्या नोव्हेंबरपर्यंत एक लाखावर टोट हलवले, पण माणसांपासून वेगळ्या राखलेल्या जागेत. पिंजरा काढून टाकायचा म्हणून कोबॉट आला, आणि ह्युमनॉइडसाठी आपण पिंजरा परत उभा करतोय.

मामा : का पण? माणसासारखा आहे, तर माणसात का वावरू नये?

भाची : कारण तो नीट थांबू शकत नाही. तुमच्याकडे लाइट जाते तेव्हा काय होतं?

मामा : काय होणार? मशिन बंद, इन्सर्ट तुटतो, जॉब रिजेक्ट, आणि सप्लायरला शिव्या.

भाची : कोबॉटची लाइट गेली, की सांध्यांतले ब्रेक बसतात आणि हात आहे तिथे थिजतो. लाल बटण दाबलं तरी तो थांबतो आणि ब्रेक धरतात. दोन पायांच्या रोबोला उभं राहायलाच सतत वीज लागते. क्षणाक्षणाला तो तोल सावरत असतो. वीज तोडली की साठ-सत्तर किलोचं धूड कोसळतं. शेजारी तुमचा हेल्पर वाकून चिप, म्हणजे धातूचा कीस, भरत असेल तर? यंत्राच्या सुरक्षेचा आपला पहिला नियम, धोका दिसला की वीज तोडा. इथे तो नियमच धोका होतो. अशा तोल सावरत चालणाऱ्या रोबोंसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचं वेगळं मानक अजून मसुद्याच्या पातळीवर आहे. रॉडनी ब्रूक्स तर म्हणतात, की पूर्ण उंचीच्या चालत्या ह्युमनॉइडच्या तीन मीटरच्या आत जाऊ नका.

मामा : हे ब्रूक्स कोण? कोबॉटवाल्यांचा माणूस दिसतोय.

भाची : एमआयटीतले निवृत्त प्राध्यापक. घरची फरशी झाडणारा रूम्बा ज्या आयरोबोट कंपनीचा, तिच्या संस्थापकांपैकी एक. आणि कारखान्यात माणसासारखा रोबो घालायचा प्रयोग त्यांनी स्वतःच करून बघितलाय. बॉस्टनमध्ये त्यांनी 2008 साली कंपनी काढली, पुढे तिचं नाव रीथिंक रोबोटिक्स झालं. 2012 मध्ये त्यांचा बॅक्स्टर आला. दोन हात, आणि डोक्याच्या जागी पडदा, त्यावर डोळे. हात जिकडे जाणार तिकडे डोळे आधी वळायचे, म्हणजे शेजारच्या कामगाराला अंदाज यायचा. किंमत 22 हजार डॉलर.

मामा : कल्पना झकास आहे.

भाची : झकासच होती. बॅक्स्टरच्या सांध्यांत स्प्रिंगा होत्या, त्यामुळे धक्का लागला तरी इजा नाही. पण त्याच स्प्रिंगांमुळे हात अचूक जागी जाईना. खोका उचलायला चालेल, चकमध्ये जॉब बसवायला नाही. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये कंपनी बंद झाली. त्याच काळात डेन्मार्कच्या ओडेन्स गावात युनिव्हर्सल रोबोट्स नावाची कंपनी वाढत होती. 2005 साली विद्यापीठातल्या तिघांनी काढलेली. त्यांच्या यूआर-फाइव्हला ना डोकं, ना डोळे. सहा सांध्यांचा हात, वजन 18 किलो, उचल 5 किलो, पोच 850 मिलिमीटर. 2015 मध्ये अमेरिकेच्या टेराडाइनने ही कंपनी 28 कोटी 50 लाख डॉलरला घेतली. 2020 पर्यंत त्यांचे 50 हजार हात विकले गेले.

मामा : म्हणजे चेहरा हरला आणि हात जिंकला.

भाची : त्यांचं पहिलं गिऱ्हाईक कोण होतं बघा. 2008 मध्ये लिनाटेक्स नावाच्या डॅनिश कंपनीने तो घेतला, प्लॅस्टिक आणि रबराचं काम करणारी. कशासाठी? सीएनसी मशिनवर जॉब चढवायला-उतरवायला. पिंजरा न करता सरळ माणसांच्या शेजारी लावला आणि प्रोग्रॅम त्यांच्याच लोकांनी टचस्क्रीनवर केला. तुम्ही ज्या कामासाठी विचारताय, त्याच कामापासून हा धंदा सुरू झालाय.

मामा : ते प्रोग्रॅमिंग मला नीट सांग. माझा ऑपरेटर बारावी झालाय. कोड लिहिणार नाही तो.

भाची : लिहायचाच नाही. पेंडंटच्या, म्हणजे हातात धरायच्या टचस्क्रीनच्या, मागे एक बटण असतं. ते दाबून धरलं, की हात सैल पडतो. मग हाताला मनगटापाशी धरायचं आणि जसं नव्या ट्रेनीला धरून शिकवता तसं न्यायचं. ट्रेवर आणा, स्क्रीनवर पॉइंट सेव्ह करा. थोडं वर घ्या, सेव्ह. दाराशी, सेव्ह. चकच्या तोंडाशी आल्यावर घाई नको. तिथे मिलिमीटर-मिलिमीटरने सरकवायचं. दुसऱ्या दिवशी तुमचा ऑपरेटर मला सांगतो, मॅडम, हा उगाच लांबून फिरतोय, इथून घ्या. आणि बहुतेक वेळा त्याचंच बरोबर असतं.

मामा : आणि जॉब टेकायच्या जागी चिप अडकली असेल तर? माझा माणूस चक उघडला की आधी अंगठा फिरवतो. केसाएवढी चिप असली तरी त्याला कळते. तशीच राहिली तर जॉब तिरका बसतो, पाच शतांश मिलिमीटरने जातो, आणि ते गेजला लावल्यावरच कळतं. तुझ्या हाताला अंगठा कुठाय?

भाची : नाही. म्हणून हवेचा फवारा मारायचा आणि जॉब टेकला की नाही ते दाबाच्या सेन्सरने तपासायचं. बहुतेक वेळा भागतं, प्रत्येक वेळी नाही. पण हाच प्रश्न ह्युमनॉइडला विचारा. माणसाच्या एका पंजात स्पर्श टिपणारे सुमारे 17 हजार संवेदक असतात. व्हिडिओ दाखवून रोबोला हालचाल शिकवता येईल, पण अंगठ्याला काय लागलं ते व्हिडिओत उतरत नाही. ब्रूक्स यांचा मुख्य आक्षेप हाच आहे. पाय जमले, आता उड्याही मारतात. अडलंय ते बोटांपाशी.

मामा : मान्य. आता माझी पाळी. तुझा हात बिनपिंजऱ्याचा, धक्का लागला की थांबतो, ठीक. पण त्या हातात माझं फोर्जिंग असेल, आणि फोर्जिंगला बर असते. धार. हात थांबेस्तोवर ती बर पोराच्या दंडात घुसली तर?

भाची : हे बरोबर धरलंत. हात सुरक्षित आहे म्हणून सगळं काम सुरक्षित होत नाही. ग्रिपर, जॉब, टेबलाचा कोपरा, सगळं धरून धोका तपासावा लागतो. कोबॉटचा धक्का किती जोराचा चालेल, याच्या मर्यादा 2016 मध्ये आयएसओने ठरवल्या. त्यासाठी जर्मनीत माइन्झच्या विद्यापीठात 100 निरोगी माणसांच्या शरीरावर 29 जागी दाब देऊन, दुखायला कुठे सुरुवात होते ते मोजलं होतं. धारदार वस्तूला ती मोजणी लागू पडत नाही. तुमच्याकडे मी जमिनीवर स्कॅनर लावणार. माणूस जवळ आला की हात मंद होईल, अगदी जवळ आला की थांबेल.

मामा : म्हणजे पोरं येत-जात राहिली की तुझा हात दिवसभर थांबत राहणार. मग उत्पादन कसलं?

भाची : कमी होईलच. कोबॉट माणसापेक्षा जलद नसतो, हे मी कोटेशनच्या पहिल्या पानावर लिहिते. तो जेवायला जात नाही, एवढाच त्याचा वेग.

मामा : हे विकणाऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मग आता खरं बोलू. तू सारखं 'माणसाच्या शेजारी' म्हणतेस. आज शेजारी, उद्या माणसाच्या जागी. तीन मशिनींवर तीन ऑपरेटर आहेत. हात आला की एक उरेल.

भाची : जॉब चढवा-उतरवा हे काम कंटाळवाणं आहे, मामा. आठ तास तेच. खांदे जातात. ती माणसं तपासणीला, सेटिंगला...

मामा : कंटाळवाणं तुला वाटतं. मी चार वर्षं तेच केलं. त्या कंटाळ्यावर बहिणीचं लग्न झालं, तुझ्या आईचंच. तीन ऑपरेटरांना तीन सेटर करशील, एवढी सेटिंग आहे कुठे माझ्याकडे?

भाची : नाही, तेवढी नाही. पण यंत्र आलं नाही म्हणून नोकरी टिकते असंही नाही. ओडेन्सजवळच मोठी गोदी होती, मेर्स्कच्या कंटेनर जहाजांची. तिथे वेल्डिंगला रोबो होते. मेर्स्कच्या पैशातून 1990 च्या दशकात विद्यापीठात संशोधन संस्था उभी राहिली, ती त्याच गरजेपोटी. एवढं असून 2012 मध्ये गोदी बंद झाली. काम आशियात स्वस्त होतं म्हणून. आणि गोदी गेल्यावर त्याच ओडेन्स गावात रोबो बनवणाऱ्या कंपन्यांनी जीव धरला.

मामा : गावाने जीव धरला. पन्नाशीच्या वेल्डरने धरला का? गोदीतला वेल्डर उठून रोबो कंपनीत इंजिनिअर होत नसतो. 'एकूण रोजगार वाढला' हे वाक्य ज्याची नोकरी गेली त्याला ऐकवून बघ.

भाची : याचं उत्तर माझ्याकडे नाही. कोटेशनमध्ये त्याला रकानाच नसतो.

मामा : चाकणला बजाज ऑटोने 2010 पासून हे डॅनिश हात घ्यायला सुरुवात केली, भारतात सगळ्यांच्या आधी. असेंब्ली लाइनवर बायका काम करतात, जोर लागणारं काम हाताकडे, असं ऐकलं.

भाची : खरं आहे ते. त्या कंपनीने पुढे शंभरावर हात बसवले. खांद्या-मनगटावर ताण आणणारं काम हाताकडे गेलं, म्हणून लाइनवर बाई की पुरुष हा प्रश्न उरला नाही. कोबॉटच्या बाजूने आपल्याकडचा सगळ्यात चांगला दाखला तो.

मामा : त्याच चाकणला 2013 मध्ये 50 दिवस काम बंद होतं, तेही लक्षात ठेव. भांडण रोबोचं नव्हतं, करारमदाराचं होतं. पण मागण्यांत एक होती, कामगारांना कंपनीचे शेअर सवलतीत द्या. मिळाले नाहीत. तेव्हा मालक मंडळींत आम्ही हसलो होतो. आता मला ती मागणी वेडी वाटत नाही. यंत्र जेवढं कमवेल त्यातलं मला काय, एवढंच ते विचारत होते.

भाची : मग तुम्ही काय देणार?

मामा : बघ. एका मशिनवर हात लावू, रात्रपाळीच्या. रात्रपाळीला मला माणूस मिळत नाही हे उघड आहे, तिथे कुणाचं पोट जात नाही. ज्या ऑपरेटरने हाताला शिकवलं, त्याला त्या मशिनच्या रात्रीच्या उत्पादनावर प्रोत्साहन भत्ता. महिन्याच्या महिन्याला, पगारपत्रकात. आणि बाकीच्या दोन मशिनींवर हात लावायचा झाला, तर त्या दोघांशी आधी बसून बोलायचं.

भाची : तोंडी नको, लिहून द्या. आणि ह्युमनॉइड?

मामा : येऊ दे. ज्या दिवशी तो माझ्या शेडमध्ये लाइट गेल्यावर कुणाच्या अंगावर न पडता खाली बसेल आणि चकमधली चिप अंगठ्याने शोधेल, त्या दिवशी मीच तुला फोन करीन.

भाची : त्या दिवशी तुम्हाला माझी गरज लागणार नाही.

मामा : लागेल. भत्ता किती द्यायचा ते तू ठरवून देशील.

वाद इथे थांबवू. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या मोजणीप्रमाणे 2023 या एका वर्षात भारतात 8,510 औद्योगिक रोबो बसले, आधीच्या वर्षापेक्षा 59 टक्के जास्त. चीनमध्ये त्याच वर्षी 2,76,288 बसले. जगात बसलेल्या एकूण रोबोंत कोबॉटचा वाटा दहा टक्क्यांच्या थोडा वर होता. म्हणजे आपल्याकडची बहुतेक खरेदी अजून व्हायची आहे आणि ती विचारपूर्वक करायला वेळ आहे. लहान कारखानदाराला आज परवडणारा आणि कामाचा आहे तो हात. पायांसाठी थांबायला हरकत नाही. मात्र कुठलाही रोबो विकायला आला, की त्याचा व्हिडिओ बघू नका. आपल्याच शेडमध्ये, आपल्याच जॉबवर, पूर्ण पाळीभर तो चालवून दाखवायला सांगा आणि मध्येच मेन स्विच बंद करा. ऑर्डरवर सही करण्याआधी आणखी एक कागद तयार ठेवा : या यंत्रामुळे वाढणाऱ्या कमाईतला किती हिस्सा त्याला शिकवणाऱ्या कामगाराचा. तो कागद तयार नसेल, तर कारखाना अजून रोबो घ्यायला तयार नाही.